बिऱ्हाड चाकांवर

ज्या वाचकांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत आणि जे त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून आले आहेत, त्यांनी तिथल्या हमरस्त्यांवर एक दृश्य खचित पाहिले असेल. पुढे एक दणकट पिकअप ट्रक, त्याच्या मागे जोडलेले पंचवीस-तीस फूट लांबीचे पांढरे किंवा चंदेरी घर, आणि पुढच्या आसनांवर बसलेले पिकल्या केसांचे जोडपे. सुटी घालविण्यासाठी ही मंडळी कोठे तरी निघाली असावीत असे आपल्याला वाटते. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु त्यांपैकी काही जोडपी सहलीला निघालेली नसतात. मागे जोडलेला तो ट्रेलर हेच त्यांचे एकमेव घर असते. गावातले घर त्यांनी विकून टाकलेले असते, सामानसुमान वाटून टाकलेले असते, आणि वर्षाचे बाराही महिने त्यांचा मुक्काम आज येथे तर पुढच्या आठवड्यात तेथे असा चाललेला असतो.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण ती आपण सहसा कौतुकाने वापरीत नाही. म्हातारपणी तर माणसाने एका जागी स्वस्थ राहावे, असेच आपण मानतो. वानप्रस्थाची कल्पना आपल्या परंपरेत आहे खरी. परंतु वानप्रस्थाला निघालेल्याने संसार मागे ठेवावा अशी अपेक्षा असते. ही अमेरिकन जोडपी संसार मागे ठेवीत नाहीत. त्याला चाके लावून तो बरोबर नेतात. म्हणूनच त्यांचा रोजचा दिवस आपल्यासारख्या संसारी माणसांनी समजून घेण्याजोगा आहे. घर सोडल्यावर त्याबरोबर काय सुटते आणि काय काही केल्या सुटत नाही, हे त्यात स्वच्छ दिसून येते.

ही रीत आजची नव्हे. मोटार सर्वसामान्य माणसाच्या आटोक्यात आली त्या सुमारासच तिची सुरुवात झाली. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा शहरी ‘टिन कॅन टूरिस्ट’ नावाची प्रवाशांची संघटना स्थापन झाली. हिवाळ्यात तंबू आणि डबाबंद अन्न घेऊन दक्षिणेकडच्या उबदार प्रदेशात जाणारी ही मंडळी ओळखीची खूण म्हणून मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा बसवीत. १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने ॲल्युमिनियमचा गोलसर, चंदेरी ट्रेलर बाजारात आणला. १९५५ मध्ये या ट्रेलरधारकांचा बायम यांच्या नावाने क्लब निघाला. १९६२ मध्ये बायम वारले. परंतु त्यानंतर १९६३-६४ मध्ये क्लबाच्या ट्रेलरांचा एक तांडा सिंगापूरहून निघून थेट पोर्तुगालमधील लिस्बनपर्यंत गेला. त्या लांबच्या वाटेवर आपला भारतही होता.

मात्र वृद्धांना निर्धास्तपणे घराबाहेर पडता आले ते केवळ गाड्या आणि रस्ते झाले म्हणून नव्हे. १९५६ च्या कायद्याने देशभर रुंद महामार्गांचे जाळे विणले गेले, हे खरेच. पण त्याआधी १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला होता आणि १९६५ मध्ये पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही आरोग्य विमा योजना आली. दरमहा ठराविक रक्कम हाती येणार आणि दुखणे आले तर उपचारांच्या खर्चाचा मोठा भार हलका होणार, एवढी खात्री असली म्हणजेच सत्तरीतला माणूस घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो. भटकण्याच्या हौसेखाली असा पक्का पाया लागतो.

आता या चाकांवरच्या घरात डोकावून पाहू. अठ्ठावीस फूट लांब आणि आठ फूट रुंद असा ट्रेलर घेतला तर त्याचे क्षेत्रफळ २२४ चौरस फूट भरते. तेवढ्यात एका टोकाला बिछाना, मध्ये शेगडी, मोरीचे भांडे आणि शीतकपाट, दोन माणसे जेमतेम बसतील असे मेज, आणि कोपऱ्यात न्हाणीघर व शौचकूप. मुंबईच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या दोन-दोन पिढ्या वाढल्या, त्यांना या आकड्याचे फारसे नवल वाटणार नाही. नवल आहे ते असे की, हे जोडपे आपण होऊन, चार खोल्यांच्या, तळघराच्या आणि परसाच्या घरातून येथे आलेले असते.

त्यासाठी पहिले काम म्हणजे वस्तू सोडणे. आपल्याला जागेची अडचण ठाऊक आहे. येथे जागेपेक्षाही अडचण होते ती वजनाची. प्रत्येक ट्रेलरची आणि तो ओढणाऱ्या गाडीची भार वाहण्याची मर्यादा ठरलेली असते. ती ओलांडली तर टायर फुटतात आणि ब्रेक वेळेवर लागत नाहीत. म्हणून शहाणी जोडपी सर्व सामान भरून झाले की ट्रकचालकांसाठी असलेल्या वजनकाट्यावर आपले घर तोलून पाहतात! पुस्तकांची पेटी, बिडाची कढई, आजीच्या वेळची काचेची भांडी यांचे वजन त्या दिवशी पौंडांत कळते. मग काही वस्तू मुलांकडे जातात, काही विकल्या जातात, छायाचित्रांचे संग्रह लेकीकडे पोहोचतात. कित्येकजण उरलेले सामान भाड्याच्या खोलीत ठेवतात आणि दोन-चार वर्षे भाडे भरल्यावर त्यांच्या ध्यानात येते की, भाड्याची बेरीज सामानाच्या किमतीपलीकडे गेली. पुढे एक साधा नियम पाळला जातो: एक वस्तू आत आली की एक बाहेर गेली पाहिजे.

यांचे दिवस दोन प्रकारचे असतात. एक मुक्कामाचा आणि दुसरा प्रवासाचा.

मुक्कामाच्या दिवशी सकाळी उठल्यावर चहा-कॉफीच्याही आधी नजर जाते ती पाण्याच्या आणि विजेच्या काट्यांकडे. सर्व सोयींनी युक्त अशा तळावर प्रत्येक ट्रेलरला विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचे तोंड मिळते. परंतु अशा तळाचे भाडे भारी असते. रानात किंवा वाळवंटात विनाशुल्क मुक्काम केला तर सगळी भिस्त टाकीतले पाणी, छपरावरचे सौरपट आणि बॅटऱ्या यांच्यावर. टाकी पन्नास गॅलनांची, म्हणजे सुमारे १९० लिटरची धरली आणि ती दोघांना आठवडाभर पुरवायची म्हटली, तर माणशी रोजचे तेरा-चौदा लिटर पाणी वाट्याला येते. मग अंग भिजवावे, नळ बंद करावा, साबण लावावा आणि पुन्हा क्षणभर नळ सोडून अंग धुवावे, अशी स्नानाची पद्धत अंगवळणी पडते. दुष्काळी गावात वाढलेल्या आपल्या वाचकांना यात नवे काही नाही. परंतु ज्यांनी आयुष्यभर नळ मोकळा सोडला त्यांना साठी उलटल्यावर हा धडा नव्याने गिरवावा लागतो.

सांडपाण्याच्याही दोन टाक्या असतात. शौचकूपाची एक, आणि मोरी व स्नान यांची दुसरी. त्या भरत आल्या की ट्रेलर ठराविक ठिकाणी नेऊन रिकाम्या कराव्या लागतात. आधी शौचकूपाची टाकी सोडावयाची आणि मग साबणाच्या पाण्याची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हा क्रम चुकवून चालत नाही. बँकेत व्यवस्थापक होते की शाळेत मुख्याध्यापक, हे तेथे कोणी विचारीत नाही. हातमोजे चढवून हे काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते. आपली घाण आपण काढण्याचा हा प्रसंग आठवड्याला येतो आणि माणसाचा तोरा उतरवून जातो, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रवासाचा दिवस मात्र जोखमीचा. ट्रेलर गाडीला जोडताना आकड्याची खीळ बसली काय, सुरक्षेच्या साखळ्या अडकविल्या काय, ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार जोडली काय, मागचे दिवे लागतात काय, हे पाहावयाचे. छपरावरची झडप मिटली पाहिजे, पायरी दुमडली पाहिजे, शीतकपाटाचे दार अडकविले पाहिजे. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना, मोजली पाहिजे. या सर्व गोष्टींची यादी कागदावर लिहून दाराशी लावलेली असते. अनुभवी जोडप्यांत असा परिपाठ असतो की, एकाने यादीप्रमाणे सर्व पाहिल्यावर दुसऱ्याने तीच यादी घेऊन पुन्हा फेरी मारावी. यात अविश्वास नसतो. वय झाले म्हणजे एखादी गोष्ट नजरेतून सुटते, हे उभयतांनी मान्य केलेले असते, इतकेच.

वेगाचेही बंधन आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांपलीकडे जाण्याची मुभा नाही. पुष्कळ जोडपी आपण होऊन ‘तीन-तीन-तीन’ असा नियम पाळतात: दिवसाला तीनशे मैलांहून, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटरांहून, अधिक जावयाचे नाही; दुपारी तीनच्या आत मुक्कामाला पोहोचावयाचे; आणि पोहोचल्यावर निदान तीन दिवस हलावयाचे नाही. हा नियम सोयीसाठी नव्हे, तर शरीरासाठी आहे.

मुक्कामी पोहोचल्यावर येते ती खरी परीक्षा. कारण आता ट्रेलर मागे घेत घेत नेमून दिलेल्या जागेत उभा करावयाचा असतो. सुकाणू उजवीकडे वळविले की ट्रेलरचे मागचे टोक डावीकडे जाते, त्यामुळे नवशिक्याची त्रेधा उडते. जाणती माणसे सांगतात की, हात चक्राच्या वरच्या बाजूस न ठेवता खालच्या बाजूस ठेवावा. मग ट्रेलरचे टोक ज्या बाजूला न्यावयाचे त्याच बाजूला हात सरकवावा. एकाने गाडी चालवावयाची आणि दुसऱ्याने मागे उभे राहून झाड, खांब, दगड यांची सूचना द्यावयाची. पस्तीस-चाळीस वर्षांचा सुखी संसार या दहा मिनिटांत डळमळताना तळावरच्या शेजाऱ्यांनी पाहिलेला असतो! म्हणून खुणा आधी ठरवून घेतात, काहीजण हातात बिनतारी बोलयंत्रे ठेवतात. आणि मागचा माणूस दिसेनासा झाला की गाडी तत्क्षणी थांबवावयाची, हा नियम तर सर्वांचाच. घरात चार खोल्या असताना रागावून दुसऱ्या खोलीत जाता येते. येथे दुसरी खोलीच नसते. त्यामुळे भांडण लवकर मिटवावे लागते, किंवा निदान बाहेर खुर्ची टाकून बसावे लागते.

वाचकहो, येथपर्यंत जे सांगितले ते सर्व अंगमेहनतीचे आणि सवयीचे काम झाले. आता ज्या गोष्टी चाके लावूनही सुटत नाहीत त्यांच्याकडे वळू.

त्यातली पहिली म्हणजे पत्ता. घर विकले तरी सरकारला, बँकेला, विमा कंपनीला आणि मतदारयादीला पत्ता लागतोच. १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या दांपत्याने ‘एस्केपीज’ नावाचा क्लब स्थापन केला. त्याचे मुख्य ठाणे टेक्सास राज्यातील लिव्हिंगस्टन या लहानशा गावी आहे. सभासदांची टपाल घेणे आणि ते जेथे असतील तेथे पुढे धाडणे, हे या क्लबाचे एक मोठे काम. मोठमोठ्या घरांतून बाहेर पडलेल्या सभासदांचा पत्ता म्हणजे लिव्हिंगस्टनच्या टपाल-कचेरीतला एक क्रमांक! टेक्सास, फ्लॉरिडा आणि साउथ डकोटा या राज्यांत व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही. त्यामुळे असे पुष्कळ लोक त्यांपैकी एखादे राज्य कागदोपत्री आपले म्हणून निवडतात. आपल्याकडील भटक्या जमातींना केवळ पत्ता नाही म्हणून शिधापत्रिकेसाठी किती खेटे घालावे लागले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या व्यवस्थेचे मोल कळेल. हौसेने भटकणाऱ्याला पत्ता विकत घेता येतो. गरजेने भटकणाऱ्याला तो मागावा लागतो.

हौस आणि गरज यांतला हा भेद अमेरिकेतही आहे, हे सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. बासष्ट वर्षे झालेल्या नागरिकाला तेथे सर्व राष्ट्रीय उद्यानांत जन्मभर चालणारा परवाना मिळतो. २०१७ पर्यंत तो १० डॉलरना मिळे, त्या वर्षी त्याची किंमत ८० डॉलर झाली; सरकारी तळांपैकी अनेक ठिकाणी तो दाखविला की भाडे निम्मे होते. कित्येक जोडपी उन्हाळ्यात एखाद्या वनातील तळावर यजमान म्हणून राहतात. आल्यागेल्याची नोंद करावी, जागा स्वच्छ ठेवावी, आठवड्याला काही ठराविक तास काम करावे, आणि त्या बदल्यात जागा, वीज व पाणी फुकट मिळावे, असा हा व्यवहार. ज्यांचे पेन्शन पुरेसे आहे त्यांना हे काम म्हणजे विरंगुळा. परंतु २००८ च्या आर्थिक मंदीत ज्यांची बचत बुडाली, घरे हातची गेली, अशी वयस्क माणसेही चाकांवर राहू लागली. शरद ऋतूत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाकडे बीटच्या सुगीत बारा-बारा तास राबावे, नाताळापूर्वी मोठ्या गोदामांत मैलोगणती चालून माल उचलावा, असे त्यांचे वर्ष जाते. जेसिका ब्रूडर यांनी ‘नोमॅडलँड’ या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांची हकीकत सांगितली. त्यावरून निघालेल्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तेव्हा रस्त्यावर दिसणारी दोन घरे बाहेरून सारखीच असली, तरी एकातील माणसांनी घर सोडलेले असते आणि दुसऱ्यातील माणसांना घराने सोडलेले असते.

दुसरी न सुटणारी गोष्ट म्हणजे शेजार. कोणाचेही बंधन नको म्हणून निघालेली ही माणसे हिवाळा आला की पुन्हा एकत्र येतात. ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या लगतच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने ठराविक शुल्क भरून तळ देता येतो. कित्येक वर्षे हे शुल्क पुऱ्या हंगामासाठी १८० डॉलर होते. एरवीच्या मोकळ्या सरकारी रानात चौदा दिवसांनी हलावे लागते; येथे तशी घाई नाही. थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या ट्रेलरांनी वाळवंट फुलून जाते. एकाला विजेचे काम येते, दुसरीला शिवण येते, तिसरा दात दुखू लागला की सीमेपलीकडे मेक्सिकोत स्वस्त दंतवैद्य कोठे आहे ते सांगतो. संध्याकाळी खुर्च्या वर्तुळात मांडल्या जातात. गेल्या वर्षीचा अमुक यंदा का आला नाही, याची चौकशी होते; आणि उत्तर कधी कधी असे येते की सगळे क्षणभर गप्प होतात.

याच गावच्या स्मशानभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड असून त्याच्या माथ्यावर धातूचा उंट आहे. ती हाजी अली नावाच्या उंटवाल्याची समाधी होय. अमेरिकन सैन्याने वाळवंटात वाहतुकीसाठी उंट वापरून पाहिले, तेव्हा १८५६ च्या सुमारास तो पश्चिम आशियातून आला. त्याचे नाव स्थानिक लोकांना उच्चारता येईना. त्यांनी त्याला ‘हाय जॉली’ करून टाकले. उंटांचा प्रयोग फसला, पण हा माणूस तेथेच राहिला आणि १९०२ मध्ये तेथेच वारला. हिवाळी पाहुणे आवर्जून त्याच्या समाधीला भेट देतात.

मुलांचे काय, असा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात आला असेलच. आश्चर्य असे की, ट्रेलरमुळे पुष्कळांचे मुलांशी नाते अधिक सोपे होते. मुलाच्या घरासमोरच्या आवारात ट्रेलर उभा करावा, दिवसा नातवंडांत रमावे, रात्री आपल्या बिछान्यावर झोपावे, आणि दोन-तीन आठवड्यांनी कोणालाही जड होण्यापूर्वी निरोप घ्यावा. सुनेच्या स्वयंपाकघरात आपली शेगडी नाही आणि आपल्या शेगडीवर तिचे नियम नाहीत. काही वसाहतींचे नियम घरापुढे ट्रेलर उभा करू देत नाहीत. तेव्हा जवळचा तळ शोधावा लागतो. पण येण्याजाण्याची ही मोकळीक दोन्ही पिढ्यांना मानवते.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे दुखणे आणि शेवट. समजा, एखाद्या रात्री यजमानांच्या छातीत कळ आली. गाव साठ मैलांवर. दूरध्वनीवरून मदत मागावयाची, तर आपण नेमके कोठे आहोत हे सांगता आले पाहिजे. आणि रोज नवे गाव असणाऱ्याला ते झोपेतून उठून सांगता येत नाही. म्हणून अनेक घरांत एक लहान फळा शीतकपाटावर टांगलेला असतो. नव्या मुक्कामी पोहोचल्याबरोबर त्यावर तळाचे नाव, जागेचा क्रमांक आणि काउंटीचे, म्हणजे तेथील जिल्ह्यासारख्या विभागाचे, नाव लिहावयाचे. काउंटीचे नाव अशासाठी की, चक्रवाती वादळाचे इशारे तेथे काउंटीच्या नावाने दिले जातात. ते नाव माहीत नसेल तर इशारा ऐकूनही तो आपल्यासाठी आहे की नाही हे कळत नाही. शेजारी औषधांची यादी आणि मुलांचे दूरध्वनी क्रमांक. मेडिकेअरची मूळ योजना देशभर चालते; परंतु खाजगी कंपन्यांमार्फत घेतलेल्या अनेक योजना ठराविक भागातील डॉक्टरांपुरत्या बांधलेल्या असतात. तेव्हा निघण्यापूर्वीच ही निवड विचारपूर्वक करावी लागते.

आणि गाडी कोण चालविणार? पुष्कळ जोडप्यांत वर्षानुवर्षे गाडी तोच चालवितो आणि औषधे, हिशेब, कागदपत्रे तीच पाहते. ज्या दिवशी त्याला चालविता येत नाही, त्या दिवशी तिचे घर जेथल्या तेथे अडकून पडते. आणि ज्या दिवशी ती अंथरुणाला खिळते, त्या दिवशी विम्याचे कागद कोठे आहेत हे त्याला सापडत नाही. म्हणून एस्केपीजसारखे क्लब नवशिक्या जोडप्यांसाठी वर्ग चालवितात आणि उभयतांनीही शिकावे असा आग्रह धरतात. ट्रेलर जोडणे, सोडणे, मागे घेणे, टाक्या रिकाम्या करणे, हे सर्व पत्नीलाही आले पाहिजे. काही जोडपी दर थोड्या मैलांनी चालक बदलतात. हेतू विश्रांतीचा नसतो, सराव राहावा हा असतो.

तरीही एक दिवस येतो. दृष्टी मंदावते, गुडघे वाकत नाहीत, आकड्याची खीळ हाताने बसत नाही. या दिवसाचा विचार लिव्हिंगस्टनच्या त्या क्लबाने फार आधी केला. तेथे ‘केअर’ नावाचे केंद्र आहे. चाके थांबलेल्या सभासदांनी आपला ट्रेलर तेथे आणून उभा करावा आणि आपल्याच घरात राहावे. जेवण केंद्रात मिळते, डॉक्टरकडे नेण्या-आणण्याची सोय असते, साफसफाईला मदत मिळते, दिवसा देखरेखीची व्यवस्था असते. शेजारी कोण? तर ज्यांच्याबरोबर पूर्वी शेकोटीभोवती बसलो तेच. काहीजण शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिने राहून पुन्हा रस्त्याला लागतात. काही कायमचे राहतात. ज्यांनी अशी एखादी जागा आधी हेरून ठेवली नाही, त्यांना मात्र घाईने मिळेल त्या ठिकाणी जावे लागते, आणि निर्णय बहुधा दुसराच कोणी तरी घेतो.

आपल्या देशात असे कायमचे चाकांवर राहणे रूढ होईल, असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने आणि केरळाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. परंतु ती सहलीसाठी आहेत, निवासासाठी नव्हेत. तथापि, आपल्याकडील वृद्ध जोडपीही आता एका जागी राहिलेली नाहीत. चार महिने बंगळूरला मुलाकडे, तीन महिने इंदूरला मुलीकडे, पावसाळ्यात गावच्या घरी, मध्ये एखादी यात्रा. चाके नसली तरी हे बिऱ्हाड फिरतेच आहे. मग त्या ट्रेलरवाल्यांच्या शिस्तीतले थोडेसे आपल्याही उपयोगी पडेल.

या आठवड्यात उभयतांनी अर्धा तास समोरासमोर बसावे. आपल्यापैकी एकालाच येते असे काम कोणते, याची यादी करावी: बँकेचा व्यवहार, सिलिंडर बदलणे, पेन्शनसाठी हयातीचा दाखला, भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविणे, इन्सुलिनची मात्रा. ज्याला जे येत नाही ते त्याने दुसऱ्याकडून शिकून घ्यावे. आपल्यापैकी एकाचेच हातपाय चालेनासे झाले तर कोठे राहावयाचे, हे मुलांसमोर एकदा बोलून ठेवावे. मुलांनी विचारण्याची वाट पाहू नये.

आणि मुलाकडे किंवा मुलीकडे राहावयास गेलात की पहिल्याच दिवशी एका कागदावर त्या घराचा संपूर्ण पत्ता लिहून घ्यावा: इमारतीचे नाव, मजला, रस्ता, जवळची खूण, परप्रांत असेल तर तेथील भाषेत कसे सांगावयाचे तेही. त्याखाली रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक, आणि दोघांच्या औषधांची नावे. मुले कामावर गेलेली असताना दुपारी तीन वाजता मदत मागण्याची वेळ आली, तर ‘मुलाच्या घरी आहे’ हे उत्तर पलीकडच्या माणसाच्या उपयोगाचे नसते. तो कागद शीतकपाटाच्या दारावर लावावा आणि तो कोठे आहे हे दोघांनाही ठाऊक असावे.